मटण, मासे आणि तूप : ठाण्यात फक्त मांसाहारावर रोजचं कसं भागवायचं

यूट्यूबवर कार्निव्होर (म्हणजे फक्त प्राण्यांपासून मिळणारं खाणारा) म्हणून जो गोरा माणूस रोज हा एवढा मोठा रिबआय स्टेक, म्हणजे गाय-बैलाच्या बरगडीजवळचा चरबीदार तुकडा, खाताना दिसतो ना, त्याची कॉपी ठाण्यात करायला जाऊ नका. २०१५ पासून महाराष्ट्रात गाय-बैल दोन्ही बंद, म्हशीचं चालतं पण ते आमच्या घरात शिरणार नाही, म्हणजे आपलं मटण म्हणजे बोकड, आणि बोकडाच्या मांसात चरबी कमी. सगळी गोची तिथेच आहे कारण भात-पोळी बंद केल्यावर शरीर चालायचं चरबीवर. पहिल्या आठवड्यात मी नुसतं चिकन ब्रेस्ट आणि उकडलेली अंडी खात बसलो, पोट टम्म पण भूक काही जाईना, डोकं जड, घरात सगळ्यांवर चिडचिड. १९२८ मधे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात स्टेफान्सन नावाच्या एक्सप्लोररवर वर्षभर फक्त मांसाचा प्रयोग झाला होता, त्यालापण सुरुवातीला बिनचरबीचं दिलं तेव्हा जुलाब लागले आणि चरबी सुरू केल्यावर गडी सुधारला. मला हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

आणि हो, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका, कार्ब एकदम बंद केल्यावर तोच डोस जास्त होऊन शुगर धाडकन खाली येऊ शकते. किडनीचा त्रास, युरिक अ‍ॅसिड, प्रेग्नन्सी असेल तर हा खेळ तुमचा नाही. बाकीच्यांनी सुरू करायच्या आधी एकदा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करून ठेवा, तीन महिन्यांनी परत करा, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल काही जणांचं फार वर जातं.

आता खरेदी. खाटकाकडे गेल्यावर तो सवयीने चरबी काढून बाजूला टाकतो, तेव्हा आधीच सांगायचं, भाई चरबी रहने दो, सीना-चाप मिक्स द्या. बाजूला पडलेली चरबी पण मागून घ्या, रोजच्या गिऱ्हाइकाला बरेचदा फुकट मिळते. ती बारीक कापून थोडं पाणी घालून मंद गॅसवर वितळवायची, गाळून स्टीलच्या डब्यात, झाली फोडणी. फक्त बोकडाची चरबी गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते, त्यामुळे गरम गरमच खा, डब्यात नेणार असाल तर त्याऐवजी तूप घाला. चिकनवाला न विचारता स्किन काढतो, त्यालाही आधी सांगा. कलेजी आठवड्यातून एकदा बास, त्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं आणि ते शरीरात साठत जातं. हाड धरून एक किलो मटण आणलं की खायला पाऊण किलोच्या आतच येतं, हिशोब तसा करा, नाहीतर पंधरा तारखेलाच पगार संपतो.

मासे म्हणजे आपलं नशीब. ठाण्याचं मार्केट झालं, चेंदणी कोळीवाडा झाला, तिकडे बेलापूरला राहत असाल तर दिवाळे. पापलेट-सुरमईच्या मागे लागू नका, बांगडा आणि तारली घ्या, स्वस्त आणि तेलकट. बांगड्याला चिरा देऊन मीठ लावून तव्यावर झाकण ठेवलं की स्वतःच्याच तेलात शिजतो. बोंबील मात्र पिठाशिवाय जमत नाही, दोनदा ट्राय केला, दोन्ही वेळा तव्यावर लगदा. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा खाडीच्या चिंबोऱ्या बघा नाहीतर अंड्यांवर भागवा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन, मी तुपात चार-पाच फोडतो सकाळी. कडक लोक म्हणतात फक्त मीठ, मसाला नाही, मी चिमूटभर हळद घालतो, नाहीतर मटणाचा उग्र वास शेजाऱ्यांपर्यंत जातो आणि आमचे शेजारी लसूण पण खात नाहीत.

पिण्याचं म्हणाल तर पाणी आणि मीठ. पहिल्या काही दिवसांत शरीरातलं पाणी भराभर निघून जातं, वजन उतरलं म्हणून आपण खुश, पण सोबत मीठपण जातं आणि मग डोकेदुखी, रात्री पोटऱ्यांत गोळे. त्यात मे महिन्यात ट्रान्सहार्बर लोकलला उभं राहून वाशीला जायचं म्हणजे घामाने उरलंसुरलं मीठ पण गेलं. बीपी नसेल तर पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्या. ओआरएसची पुडी नको, त्यात ग्लुकोज असतं. सगळ्यात भारी म्हणजे पाया, खाटकाकडून भाजून तोडून आणायचा, मीठ घालून कुकरला आठ-दहा शिट्ट्या आणि मग तासभर मंद आचेवर, थर्मासमधे भरून ऑफिसला. चहा सोडणं मला मटण परवडण्यापेक्षा अवघड गेलं, सध्या काळी कॉफी. सोलकढी, नारळपाणी, उसाचा रस सगळं झाडाचं, बंद. ताक कडक लोकांना चालत नाही, मला चालतं.

बाहेर खाताना तंदुरीला दही-बेसन, कबाबात डाळ, सूपला कॉर्नफ्लोर, फिशफ्रायला रवा, हे सगळं विचारूनच ऑर्डर द्या. आगरी खानावळीत मी सुकं मटण मागवतो, तेलमसाला पोटात जातो तेवढा जातो. भाकरी नको म्हटल्यावर वेटर दोनदा येऊन विचारतो, बरं नाही का साहेब. मामलेदारच्या मिसळीवरून जायचं असेल तर पलीकडच्या फुटपाथने जा.

राहिले सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी, घरात अंडपण चालत नाही. तेव्हा पनीर तुपात परतून आणि दही. एका चतुर्थीला आई म्हणाली मग उपासच कर ना, आणि साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. साबुदाणा पण चालत नाही म्हटल्यावर ती जे काही बोलली ते इथे लिहिता येणार नाही, पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझा खरा उपास घडला.