‘डू यू अंडरस्टँड?’ विचारलंत की फसलात

परक्या देशात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला निघालेल्यांना आधी धीर द्यावा की आधी घाबरवावं, हे माझं अजून ठरत नाही. घाबरवूनच सुरुवात करते. पहिल्या तासाला तुमची त्रेधा उडणार. माझी उडाली होती, आणि तीही चार पानी पाठटाचण हातात असताना.

सहा-सात वर्षांची २२ मुलं, ४५ मिनिटांचा तास. त्यांच्या भाषेतले मला येणारे शब्द तीन, त्यातला एक ‘धन्यवाद’. मी वर्कशीट वाटल्या. आठ प्राण्यांची चित्रं होती. उडणारे रंगवायचे, पोहणाऱ्यांवर फुली मारायची. वाटून झाल्यावर काय करायचं ते सांगायला लागले. छान, सविस्तर, प्रेमाने. शेवटी विचारलं, “डू यू अंडरस्टँड?” बावीस गळ्यांतून एका सुरात “येस!” आलं. पोटातला गोळा विरघळला. वाटलं, जमतंय की आपल्याला!

दोन मिनिटांनी फिरून पाहिलं तर एकाने सगळे प्राणी पिवळे केले होते. एकीने प्रत्येक चित्राखाली स्वतःचं नाव लिहिलं होतं. एका कागदाचं विमान झालं होतं. खिडकीजवळचा एक मुलगा पेन्सिल हवेत धरून माझ्याकडे बघत होता, कुठे टेकवू ते सांग, अशा नजरेने. मी पुन्हा समजावलं. या वेळी जास्त मोठ्याने आणि जास्त लांबण लावून. पुन्हा विचारलं. पुन्हा “येस!”

इथे मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण नवीन लोक नेमके इथेच आपटतात आणि दोष मुलांना देतात.

त्या “येस”चा समजण्याशी काही संबंध नसतो. बाईंनी भुवया उंचावल्या, आवाज शेवटी वर गेला, की “येस” म्हणायचं, एवढं मुलांना पक्कं कळलेलं असतं. ‘ओके?’, ‘एनी क्वेश्चन्स?’ ही त्याच प्रश्नाची भावंडं. शंका विचारायला भाषा लागते, आणि ती नाही म्हणून तर ती मुलं तुमच्यासमोर बसली आहेत.

पण हा सापळ्याचा वरचा थर झाला. खालचा थर मला महिन्याने कळला. शाळेची परवानगी घेऊन मी एका तासाचा आवाज रेकॉर्ड केला आणि घरी ऐकला. ऐकवत नव्हतं. एकाच सूचनेसाठी मी म्हणाले होते: “कलर द बर्ड्स.” मग “यू हॅव टू फिल द कलर.” मग “मेक देम नाइस अँड ब्राइट.” मग “युज युअर क्रेयॉन्स, ओके?” मला वाटत होतं, मी एकच गोष्ट सोपी करून सांगतेय. ऐकणाऱ्यासाठी त्या चार वेगळ्या सूचना होत्या. पहिलीतला ‘कलर’ कुठे हाताला लागतोय, तोवर दुसरी अंगावर. मोठ्या माणसाला शब्द बदलून सांगितलं तर मदत होते. नवशिक्या मुलाला त्यानेच गोंधळायला होतं. सूचना पुन्हा द्यायची तर तीच, त्याच शब्दांत, त्याच चालीवर.

आणि मी इतकं बोलत का होते? घाबरले होते म्हणून. वर्गातली शांतता मला खायला उठायची. घाबरलेला माणूस बोलत सुटतो, मुलांना कळत नाही, वर्ग विस्कटतो, माणूस आणखी घाबरतो आणि आणखी बोलतो. तेव्हा “कॉन्फिडन्स आणा” असले सल्ले विसरा. तोंड कमी चालवा, कॉन्फिडन्स मागून येतो.

माझी आताची पद्धत अशी: कागद माझ्याच हातात. वाटायचा नाही. एकदा वाटला की मुलं कागदाची, तुमची नाहीत. पक्ष्यावर बोट, “कलर,” आणि स्वतः फळ्यावरचा पक्षी रंगवायचा. माशावर बोट, “क्रॉस,” आणि फुली. मग थांबायचं. खरंच थांबायचं, मनात पाच आकडे मोजून. मग विचारायचं, “फिश. कलर ऑर क्रॉस?” या प्रश्नाला “येस” म्हणून सुटता येत नाही. एका मुलाला फळ्यापाशी बोलवून एक चित्र करून घ्यायचं. सगळ्यात शेवटी कागद वाटायचे. पाठटाचणात उपक्रमांची नावं लिहून भागत नाही, तोंडातून निघणारं सूचनेचं वाक्यच लिहा. पाच शब्दांच्या वर गेलं की खोडा.

जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत मांडली: शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि स्वतः करून दाखवायची, मुलांनी शरीराने उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही. मी हे जाण्याआधी वाचलं होतं, त्यावरच्या परीक्षेत गुणही मिळवले होते. वर्गात मात्र हात खाली आणि तोंड चालू.

तसल्या परीक्षांबद्दल माझं मत कडवट आहे. शनिवार-रविवारी घरबसल्या मिळणारं ‘१२० तासांचं’ प्रमाणपत्र अर्जाला जोडायला ठीक, पण त्यात एकही जिवंत मूल भेटत नाही. सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम साधारण तेवढ्याच तासांचा. त्यात सहा तास निरीक्षकासमोर प्रत्यक्ष शिकवावं लागतं, म्हणून तो मला पटतो. पण तोही मुळात प्रौढांना शिकवण्यासाठी आहे, हे विसरू नका. मार्गदर्शक म्हणाल तर “मुलांवर प्रेम करा, बाकी आपोआप होतं” म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. मला घडवलं ते मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या तिथल्याच सहशिक्षिकेने. तास संपल्यावर ती एकच वाक्य बोलायची. एकदा म्हणाली, “तुझे हात आज काहीच बोलले नाहीत.”

कागदपत्रांचं थोडक्यात. पर्यटक व्हिसावर शिकवायला सुरुवात करा, नंतर बदलून देऊ, असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. पदवीवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लागेल का, हे आधी विचारा. काही ठिकाणी पासपोर्टच आडवा येतो. इंग्रजी शिकवायला लागणारा दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा प्रामुख्याने इंग्रजी मातृभाषा मानल्या गेलेल्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. तो तुमच्या इंग्रजीवरचा शेरा नाही, मनाला लावून घेऊ नका.

उच्चारांची धास्तीही मुलं ठेवत नाहीत, मोठेच ठेवतात. आपल्याकडे ‘व’ एकच, म्हणून ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’मध्ये जीभ अडखळते. एकात ओठांचा चंबू, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर. आरशासमोर आठवडाभर करा. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या माणसाला मूल कुठे अडतंय ते लवकर दिसतं, हे मी पैजेवर सांगते.

आणि गप्प बसणारं मूल दिसलं तर खचू नका. भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन क्रॅशन यांनी ज्याला ‘सायलेंट पीरियड’ म्हटलं, तो खरोखर असतो: भाषा आत साठत असते, बाहेर येत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी सात आठवडे माझ्याशी अक्षर बोलली नाही. एके दिवशी मी खडू शोधत होते. टेबलावर नाही, फळ्याखाली नाही. ती मान वर न करता म्हणाली, “पॉकेट.” खिशातच होता.

नवा वर्ग मिळाला की आदल्या रात्री अजूनही झोप उडते, सकाळी तोंडाला कोरड पडते. म्हणून पाण्याची बाटली टेबलावर ठेवते. प्रत्येक सूचनेनंतर एक घोट. घसा ओला होतो, आणि तेवढा वेळ तोंड बंद राहतं.