चोकवरून विहिरीच्या उत्पादनाचा झटपट अंदाज

टेस्ट सेपरेटर (विहिरीचं तेल, पाणी, गॅस वेगळं करून मोजायचं भांडं) मोकळा नसेल तर तेलविहिरीच्या चोकवरून, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या बारीक भोकावरून, उत्पादन काढणारं १९५४ चं गिल्बर्टचं सूत्र अजूनही कामाला येतं. वेलहेडचा, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी चोकच्या आधीचा, दाब (पीएसआय) गुणिले चोकच्या मापाचा १.८९ वा घात, भागिले (दहा गुणिले जीएलआरचा, म्हणजे गॅस आणि द्रव यांच्या प्रमाणाचा, ०.५४६ वा घात). उत्तर येतं दिवसाला किती बॅरल द्रव, म्हणजे तेल आणि पाणी मिळून. चोकचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात आणि जीएलआर घनफूट प्रति बॅरल घ्या. दाब ५००, चोक १६, जीएलआर ५०० धरलं तर साधारण ३१७ बॅरल.

आधी चोकच्या पुढचा, म्हणजे चोक ओलांडल्यावरचा, दाब बघा. तो मागच्या दाबाच्या जेमतेम निम्मा किंवा त्याहून कमी असला तरच प्रवाह क्रिटिकल समजायचा, म्हणजे पुढच्या दाबाचा त्यावर परिणाम होत नाही. नसेल तर हे सूत्र बाजूला ठेवा.

खरी गोम चोकच्या मापात असते. वाळूने घासून १६ चा १७ झाला, की त्याच दाबाला सुमारे १२ टक्के जास्त द्रव जातो, आणि तुमच्या वहीत मात्र जुनाच आकडा! चोक बदलताना भोक गेजने मोजाच. चोकवर छापलेल्या मापावर जाऊ नका.

मुंबई हायसारखी गॅस लिफ्टवरची (गॅस आत सोडून द्रव वर आणणारी) विहीर असेल तर जीएलआरमध्ये इंजेक्शनचा गॅसही धरायचा, तोही चोकमधूनच जातो.

रोस, बॅक्सेंडेल, अचाँग यांची सूत्रंही याच साच्यातली, फक्त स्थिरांक वेगळे. कुठलं बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा पुढच्या टेस्टचे आकडे घालून दहाच्या जागी आपल्या विहिरीचा स्थिरांक काढून ठेवा.