सहा अंकी संख्येचे मूळ अवयव कसे काढावेत: पिनकोड ४१६००३

कोल्हापूरच्या पत्त्यांवर दिसणारा ४१६००३ हा पिनकोड मूळ संख्या आहे का आणि नसल्यास तिचे मूळ अवयव कोणते, हे कागद-पेन्सिलीने सहज ठरवता येते. २, ३ व ५ च्या कसोट्या शाळेतल्याच आहेत. येथे तिघांपैकी कोणानेही भाग जात नाही.

७, ११ व १३ साठी तीन निरनिराळ्या युक्त्या पाठ करून घेण्याची शिकवण्यांमधली पद्धत खुशाल बाजूला ठेवावी. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी केली, की तिघांचाही निकाल एकदम लागतो. ४१६ − ३ = ४१३ = ७ × ५९; म्हणजे भाग फक्त ७ ने जातो. मात्र आपण स्वल्पविराम ४,१६,००३ असे देत असल्याने घाईत गट चुकतात; ते आधी खोडावेत.

खरी गोम पुढे आहे: भाग कुठवर देत राहायचे? संख्या मूळ नसेल, तर तिचा सर्वांत लहान मूळ अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा असूच शकत नाही. ६४५ चा वर्ग ४१६०२५, म्हणून सुरुवातीची मर्यादा ६४४. परंतु ७ ने भागल्यावर ५९४२९ उरतात आणि मर्यादा एकदम २४३ वर येते. जुनीच मर्यादा धरून भागाकार करत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. अवयव सापडला रे सापडला, की मर्यादा नव्याने काढावीच. शिवाय तोच अवयव पुन्हा येऊ शकतो, म्हणून ७ पुन्हा तपासावा: ४२९ − ५९ = ३७०, ज्याला ७, ११, १३ पैकी कोणानेच भाग जात नाही.

आता १७ पासून केवळ मूळ संख्यांनी भागावे. ५१, ५७, ९१ या मूळ वाटतात, पण नाहीत. यादी शेजारी असलेली बरी. ६१ पर्यंत दर वेळी बाकी उरते आणि ६७ ने नेमका भाग जाऊन ८८७ मिळतात. येथे पेन्सिल खाली ठेवावी. ८८७ चे वर्गमूळ ३० च्या आतले आहे आणि तिथवरच्या सर्व मूळ संख्या आपण आधीच बाद केल्या आहेत. तेव्हा ८८७ मूळ आहे, हे आणखी एकही भागाकार न करता सिद्ध होते.

४१६००३ = ७ × ६७ × ८८७. प्रत्येक अवयव एकदाच आल्याने विभाजक २ × २ × २ = ८ आणि त्यांची बेरीज ८ × ६८ × ८८८ = ४८३०७२.