बाय का टिल, सिन्स का फॉर? इंग्लिशमधल्या गोंधळाच्या जोड्या अशा सोडवा

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीतनं कस्टमरला मेल जातो, 'वुई विल डिस्पॅच द कास्टिंग्ज टिल फ्रायडे'. पाठवणाऱ्याला म्हणायचं असतंय की शुक्रवारच्या आत माल निघतोय, आणि वाचणारा समजतो की शुक्रवारपर्यंत रोज माल निघत राहणार. स्पेलिंग सगळी बरोबर, त्यामुळं स्पेलचेक पण गप्प.

आपल्याकडं बाय आणि टिल, दोन्हीला 'पर्यंत'च म्हणतात, घोळ तिथनंच सुरू होतो. म्हणून इंग्लिशचे नियम घोकत बसू नका, आधी मराठीतच विचारा: ही गोष्ट तोवर चालूच राहणार आहे, का त्या वेळेच्या आत एकदा उरकायचीय? चालू राहणार असंल तर टिल, उरकायची असंल तर बाय. दुकान 9 पर्यंत उघडं आहे, इथं टिल. 9 पर्यंत घरी ये, इथं बाय. आणि '9 पर्यंत मी येणार नाही' म्हणायचं असंल तर परत टिल, कारण न येणं तोवर चालूच आहे की!

'पासून'चं तर लयच अवघड, त्याला तीन तोंडं. किती वेळ झाला ते सांगायचं असंल तर फॉर, कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स. चार वर्षांपासून म्हणजे फॉर फोर इयर्स, 2021 पासून म्हणजे सिन्स 2021. इंटरव्ह्यूला बसलेली निम्मी पोरं 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर फ्रॉम 2021' म्हणतात, तिथं पाहिजे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2021'. फ्रॉम वापरायचा तो बहुतेक वेळा सुरुवात-शेवट दोन्ही सांगताना, फ्रॉम टेन टू सिक्स असा.

बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. 'बॉरो मी युवर बाईक' म्हणू नका, बास.

अफेक्ट-इफेक्टला मात्र जरा थांबा. 2019 च्या महापुरानं शिरोळ तालुक्याला फटका दिला, इथं क्रियापद आहे म्हणून ए वालं: 'द फ्लड अफेक्टेड शिरोळ'. पुराचा परिणाम म्हटलं की नाम, मग ई वालं: 'द इफेक्ट ऑफ द फ्लड'. शब्दाच्या आधी 'द' किंवा 'अ‍ॅन' बसतोय का बघा, बसला तर बहुतेक वेळा ई. सरकारी कागदात 'टू इफेक्ट अ चेंज' दिसलं तर दचकू नका, तिथं त्याचा अर्थ 'घडवून आणणं' असा होतो आणि ते बरोबरच असतंय.

दोन ओ वालं (loose) आणि एक ओ वालं (lose), दोन्हीला आपण सरसकट 'लूज' म्हणतो म्हणून लिहिताना पण चुकतं. खरं तर दोन ओ वाल्याच्या शेवटी 'स' येतो, म्हणजे सैल, आणि एक ओ वाल्याच्या शेवटी 'झ' येतो, म्हणजे हरणं किंवा गमावणं. खासबागेत पकड लूस झाली की कुस्ती लूझ करणार, एवढं डोक्यात ठेवा.

राहता राहिला 'इट्स'. अपॉस्ट्रॉफी द्यायचा का नाही कळंना, तर त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. वाक्य बसलं तर द्या, नाही बसलं तर सरळ काढून टाका.