एचआयव्हीची औषधे शिकताना औषधरोध शेवटी ठेवू नका

पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या सत्रात मी एचआयव्हीच्या औषधांचा तक्ता पाठ केला होता. गट, नावे, दुष्परिणाम सारे तोंडावर होते. पण तीन औषधे एकत्र का द्यायची, याचे समाधानकारक उत्तर मला देता येईना, कारण औषधरोधाचे, म्हणजे विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचे, प्रकरण मी शेवटासाठी राखून ठेवले होते. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना माझे सांगणे असे की, औषधाची क्रिया आणि तिला होणारा रोध पहिल्या दिवसापासून जोडीने वाचावेत.

विषाणूचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनएवरून डीएनए घडवते, इंटिग्रेज तो पेशीच्या गुणसूत्रात जोडते आणि प्रोटिएज लांब प्रथिनसाखळी कापून नव्या कणाला संसर्गक्षम करते. तिन्ही एन्झाइमांवर औषधे आहेत; अभ्यासाला मात्र पहिल्या एन्झाइमपासून सुरुवात करावी. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले झिडोव्ह्युडिन हे पहिले औषध त्याच्याच विरुद्धचे. ते खऱ्या घटकाचे सोंग घेऊन वाढत्या डीएनए साखळीत शिरते, पण पुढचा दुवा जोडण्यासाठी लागणारा हायड्रॉक्सिल गट त्याच्यात नसल्यामुळे साखळी तिथेच खुंटते.

औषधरोध मला खऱ्या अर्थाने उमगला तो याच एन्झाइमविरुद्धच्या लॅमिव्ह्युडिन या औषधामुळे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची त्रिमितीय रचना संगणकावर फिरवून पाहताना, १८४व्या स्थानी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले की त्याची फांदी औषधाच्या रेणूतील वलयाला नेमकी आडवी येते, हे डोळ्यांना दिसले. एका अमिनो आम्लाच्या बदलाने औषध जवळजवळ निकामी होते. पण याच बदलामुळे विषाणूची वाढही मंदावते आणि झिडोव्ह्युडिनपुढे तो अधिक दुबळा ठरतो. असे एक उत्परिवर्तन नीट समजून घेणे दहा तक्त्यांपेक्षा मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

‘शरीराला औषधाची सवय होते’ हा समज आधी मनातून काढावा. बदलतो तो विषाणू. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला स्वतःच्या चुका तपासता येत नाहीत आणि उपचार नसलेल्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी कण तयार होतात. त्यामुळे एकेक बदल असलेले विषाणू पहिल्या गोळीच्या आधीच हजर असतात, औषध फक्त त्यांची निवड करते. तीन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा विषाणू आयता असण्याची शक्यता फारच कमी, म्हणून १९९६पासून तिहेरी उपचार रूढ झाले. गोळ्या अधूनमधून चुकल्या, तर औषधाचा अपुरा अंश आणि विषाणूची वाढ एकत्र नांदतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवरचेच एफाविरेन्झ हे औषध रक्तात बराच काळ रेंगाळते, त्यामुळे सारी औषधे एकदम थांबवली तर पुढचे काही दिवस ते एकटेच उरते आणि त्या एन्झाइमच्या १०३व्या स्थानी बदल झालेल्या विषाणूला मोकळे रान मिळते. डोल्युटेग्राव्हिरसारख्या इंटिग्रेजरोधकाला रोध होणे त्या मानाने बरेच अवघड असते.

विषाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही हे सांगणाऱ्या रोधचाचणीचा अहवाल वाचताना रुग्णाने पूर्वी घेतलेली औषधे शेजारी मांडून ठेवावीत. औषध थांबवल्यावर मूळ विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि नेहमीच्या चाचणीत रोधक विषाणू दिसेनासा होतो, पण प्रतिकारशक्तीच्या सुप्त स्मृतिपेशींमध्ये तो वर्षानुवर्षे टिकून असतो.