सरकारी अभियोक्त्यांकडे विनामानधन इंटर्नशिप: कोल्हापूरच्या विधी विद्यार्थ्यांसाठी

फौजदारी खटल्यात शासनाची बाजू मांडणारे वकील एकाच व्यवस्थेतून येत नाहीत, आणि अर्ज कोणाकडे करायचा हे त्यावरच ठरते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सहायक सरकारी अभियोक्ता उभे राहतात. त्यांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते आणि ते अभियोग संचालनालयाचे पूर्णवेळ अधिकारी असतात. सत्र न्यायालयातील खटले मुख्यतः जिल्हा सरकारी वकील व त्यांचे सहकारी चालवतात; त्यांची नेमणूक शासन वकिली करणाऱ्यांमधून करते. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून अपिले आणि उच्च न्यायालयातील जामीन अर्ज पाहण्यासाठीही आता मुंबई गाठावी लागत नाही.

विद्यार्थ्यांचा ओढा साहजिकच बेंचकडे आहे. तरीही पहिली इंटर्नशिप कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मारहाण, चोरी, निष्काळजीपणे वाहन चालवणे अशा खटल्यांची कागदपत्रे आटोपशीर असतात, त्यामुळे फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंतचा सगळा प्रवास एका बैठकीत वाचून होतो. तो वाचल्याशिवाय अपिलाच्या युक्तिवादात काय चालले आहे, हे कळत नाही.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. मात्र कोणत्याही एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणजे हाती फार तर महिना असतो. तो मे महिन्यात घालवू नये. विद्यार्थ्यांना सुटी असते तेव्हा न्यायालयालाही उन्हाळी सुटी असते, आणि त्या काळात रिमांड व तातडीचे अर्ज सोडले तर साक्षीपुरावा जवळजवळ चालतच नाही. दिवाळीच्या सुटीचेही तेच.

अर्ज महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या पत्रासह, संबंधित कार्यालयप्रमुखांच्या नावे, स्वतः जाऊन द्यावा. त्यात कालावधी, वर्ष आणि विनामानधन काम करण्याची तयारी स्पष्ट लिहावी. एक बाब विचारली नाही तरी नमूद करावी: आपले कोणी नातेवाईक त्याच न्यायालयात आरोपीतर्फे वकिली करत असतील, किंवा आपण स्वतः पूर्वी अशा वकिलांकडे काम केले असेल, तर ते आधीच सांगावे. पुढे कळले तर विश्वास जातो, आणि त्या कार्यालयात विश्वासाखेरीज आपल्याकडे दुसरे भांडवल नसते.

कोर्ट अकराला बसण्याआधी त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, पाहून फाइली वाचून ठेवाव्यात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असली तरी त्याआधीपासून प्रलंबित असलेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालीच चालतात. म्हणून दोन्ही संहितांतील कलमांची जोडयादी जवळ ठेवावी: पोलिसांनी घेतलेला जबाब पूर्वी कलम 161 खाली होता, तो आता 180 खाली, दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब 164 ऐवजी 183 खाली, दोषारोपपत्र 173 ऐवजी 193 खाली.

खरे शिक्षण साक्ष सुरू झाल्यावर होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याचा पोलीस जबाब आपल्यासमोर उघडा असावा आणि सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या पहिल्या प्रश्नांना उत्तर देताना, तो काय सांगतो आहे, हे ओळीशी ओळ लावून पाहावे. जबाबात ‘आरोपीच्या हातात काठी होती’ असे वाक्य आहे आणि साक्षीत काठीचा उल्लेखच नाही, असे झाले की समासात पेन्सिलीने बारीक खूण करावी. साक्षीदार फितूर झाल्यास सरकारी वकील न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारतात, त्या वेळी जबाबातला नेमका तो मजकूर दाखवून नाकारला गेला, तर त्यावर ‘पोर्शन मार्क’, म्हणजे तेवढा भाग वेगळा दाखवणारी खूण, पडतो. पुढे तपासी अंमलदाराची साक्ष होताना तो भाग सिद्ध करून घ्यावा लागतो. हा दुवा अनेक नवे वकीलही विसरतात. खूण मूळ कागदावर मात्र करू नये. ती आपल्या टिपणवहीत किंवा कार्यालयाने दिलेल्या प्रतीवरच करावी.

जामीन अर्जावर न्यायालय सरकार पक्षाचे ‘म्हणणे’ मागवते. त्याचा कच्चा मसुदा लिहायला मिळाला तर संधी सोडू नये. ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढ्यावर न थांबता मुद्देमाल जप्त झाला का, साक्षीदार आरोपीच्या गावातलेच आहेत का, हे कागदांतून शोधून लिहावे. सही अर्थातच वकिलांची, आणि न्यायालयासमोर बोलण्याचा अधिकारही त्यांचाच.

गुप्ततेबाबत तडजोड नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) खटल्यात बालकाची ओळख जपण्याचे बंधन स्वतंत्रपणे आहे. कागदांचे मोबाइलवर छायाचित्र काढू नये. कोल्हापुरात फिर्यादीचा चुलता आपल्याच गल्लीत राहत असण्याची शक्यता बरीच असते. मिसळ खाता खाता ‘त्या केसचं काय झालं रे?’ असे विचारले गेले, तर विषय बदलावा.

पोशाख नियमात सांगितल्याप्रमाणे पांढरा शर्ट, काळा कोट, काळी टाय आणि बंद काळे बूट. विद्यार्थिनींसाठी नियमात पर्यायी पोशाखही दिला आहे. गाऊन व बँड वापरू नयेत, ते सनदधारकांचे आहेत. इंटर्नशिपची डायरी रोजच्या रोज लिहावी, कारण तिचे मूल्यमापन मार्गदर्शक वकील आणि महाविद्यालयातील प्राध्यापक असे दोघे करतात. त्यात पक्षकारांची नावे न घालता खटल्याचा टप्पा, कलमे आणि आपण केलेले काम एवढेच नोंदवावे, आणि शेवटच्या दिवशी सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र घेण्यापूर्वी हाताळलेली प्रत्येक फाइल संबंधित लिपिकाकडे परत पोहोचल्याची खात्री करावी.