जुन्या पीसीत प्रोसेसर बदलताय? या चुका टाळा

प्रोसेसर बदलताना बहुतेक गडबड स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच झालेली असते. सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळला म्हणजे प्रोसेसर चालणार, हे गृहीत धरलं की फसलात. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून नवव्यापर्यंत सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१. तरी आठव्या पिढीचा आय५ जुन्या एच११० बोर्डात बसतो, चालत मात्र नाही. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची सीपीयू सपोर्टची यादी बघा. ब्रँडेड पीसी असेल तर हे दुप्पट काळजीने.

त्या यादीत प्रोसेसरसमोर बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच सॉफ्टवेअरची) आवृत्तीही दिलेली असते आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. एच६१ बोर्डातला आय३-२१०० काढून आय५-३४७० टाकणं हा स्वस्तातला चांगला बदल आहे. पण बोर्ड २०११ सालचा असेल, तर २०१२ मध्ये आलेली तिसरी पिढी त्याच्या बायोसला ठाऊकच नसते. एएमडीच्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर टाकतानाही तेच. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, आणि यूपीएसवर; मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. नवा नीट चालेपर्यंत जुना प्रोसेसर विकूही नका.

सगळं नीट बसलं, पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही? रॅम काढून-घालून बसण्याआधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ती बोर्डाला लावली असेल, तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असावं लागतं. रायझन ३ ३२००जी मध्ये ग्राफिक्स असतं, रायझन ५ ५६०० मध्ये नसतं. स्वस्तात मिळणाऱ्या झिऑन ई३-१२३० व्ही२ मध्येही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हे प्रोसेसर घेऊच नका.

एएम४ वर, म्हणजे रायझनच्या या सॉकेटवर, कुलर (प्रोसेसरवरचा पंखा) सरळ वर ओढू नका. दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (उष्णता कुलरकडे नेणाऱ्या लेपामुळे) प्रोसेसर कुलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कुलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. इंटेलच्या एलजीए बोर्डात पिना सॉकेटमध्येच असतात. तिथे बोट लावायचं नाही. त्रिकोणाची खूण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही.

जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढा नवा ठिपका पुरे. पीसी चालू होऊन थोड्या वेळात आपोआप बंद पडत असेल, तर बहुधा इंटेलच्या कुलरच्या, बोर्डात अडकवायच्या चारपैकी एखादी पिन टक् करून बसलेली नसते.

विंडोज ११ साठी हा खटाटोप असेल, तर आय७-३७७० टाकूनही उपयोग नाही. मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे.

एएम४ वर नवा प्रोसेसर पहिल्यांदा चालू करताना एफटीपीएम (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) रीसेट करू का, असं स्क्रीनवर विचारलं जाऊ शकतं. सवयीने 'वाय' दाबू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) चालू असेल आणि त्याची रिकव्हरी की हाताशी नसेल, तर 'एन' दाबा, जुना प्रोसेसर परत बसवा आणि आधी ती की काढून ठेवा.